ऑल-स्टार संघात कोण हवा, कोण नको? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला आणि मेजर लीग बेसबॉलचं ऑल-स्टार मतदान सुरू झालं की प्रश्नांची रांग लागते. बरेचसे प्रश्न अमेरिकेतल्या मराठी घरांतून येतात. तिथे मुलं बेसबॉलवर वाढलेली असतात आणि आई-बाबा क्रिकेटवर. काही प्रश्न इथून, पहाटे उठून सामने पाहणाऱ्यांकडून येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसऱ्या प्रश्नात येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऑल-स्टार सामना म्हणजे काय? तो कधी असतो?

मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत, १५ अमेरिकन लीगमध्ये आणि १५ नॅशनल लीगमध्ये. मोसम साधारण अर्ध्यावर आला की जुलैच्या मध्यावर दोन्ही लीगमधले निवडक खेळाडू एकमेकांविरुद्ध एक सामना खेळतात. पहिला सामना ६ जुलै १९३३ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर झाला. शिकागो ट्रिब्यूनचे क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यांनी तिथल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने तो घडवून आणला. सामन्यातला पहिला होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा, चेंडू थेट मैदानाबाहेर) बेब रूथने मारला आणि अमेरिकन लीग ४-२ ने जिंकली. तेव्हापासून युद्धामुळे १९४५ आणि कोविडमुळे २०२० ही दोन वर्षं वगळता सामना चुकलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये रात्री आठ वाजतात तेव्हा भारतात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच झालेले असतात.

२. संघ नक्की निवडतं कोण?

तिघं मिळून निवडतात, आणि निम्मे वाद हे ठाऊक नसल्यामुळेच होतात. एका लीगच्या यादीत ३२ जण असतात, २० बॅटर (फलंदाज) आणि १२ पिचर (गोलंदाज). सुरुवातीचे नऊ जण, म्हणजे प्रत्येक जागेवरचा एक, तीन आउटफिल्डर (सीमेकडचे क्षेत्ररक्षक) आणि डेझिग्नेटेड हिटर (फक्त बॅटिंग करणारा), चाहत्यांच्या मतांवर ठरतात. पुढचे १७ जण खेळाडू, प्रशिक्षक आणि मॅनेजर यांच्या मतदानातून येतात. त्यात प्रत्येक जागेचा एक राखीव खेळाडू आणि आठ पिचर असतात. उरलेले सहा जण कमिशनरचं, म्हणजे मेजर लीगच्या प्रमुखाचं, कार्यालय भरतं. पिचरसाठी चाहत्यांना मतच नसतं. सामन्याची सुरुवात कोणत्या पिचरने करायची हे मॅनेजर ठरवतो आणि मॅनेजर असतो आदल्या वर्षी ती लीग जिंकणाऱ्या संघाचा.

म्हणून 'अमक्याला डावललं' म्हणण्याआधी त्याला कोणी डावललं ते बघा. पिचर राहून गेला तर चाहत्यांवर खापर फोडण्यात अर्थ नाही.

३. लायक कोण, याचा निकष कुठे लिहून ठेवलाय का?

नाही. मतपत्रिकेवर 'सर्वोत्तम निवडा' असं म्हटलेलं असतं, पण सर्वोत्तम कधीपासूनचा हे कोणी सांगत नाही. दोन माणसं एकाच खेळाडूवरून तासभर भांडतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांचं खेळाडूबद्दल दुमत नसतंच. एकजण गेल्या तीन महिन्यांबद्दल बोलत असतो, दुसरा गेल्या पाच वर्षांबद्दल. 'तू कोणत्या काळाचा हिशोब धरतोयस?' एवढं सुरुवातीलाच विचारलं तर अर्धं भांडण तिथेच मिटतं. माझा स्वतःचा हिशोब पुढच्या उत्तरात आहे. इतर बहुतेक उत्तरं त्यावरच उभी आहेत.

४. मग फक्त चालू मोसम धरायचा की आधीची कामगिरीसुद्धा?

माझं मत ठाम आहे: गेल्या ऑल-स्टारपासून या ऑल-स्टारपर्यंतचं अख्खं वर्ष धरा. त्यात चालू मोसमाला जास्त वजन द्या, पण गेल्या मोसमाचा उत्तरार्ध फेकून देऊ नका.

कारण साधं आहे. मोसम १६२ सामन्यांचा. निवडीपर्यंत त्यातले नव्वदच्या आसपास झालेले असतात. फक्त पूर्वार्ध धरला तर उरलेल्या सत्तरेक सामन्यांतली कामगिरी कुठल्याच ऑल-स्टार निवडीत कधीच मोजली जात नाही. जो खेळाडू दर वर्षी एप्रिलमध्ये अडखळतो आणि ऑगस्टमध्ये पेटतो, त्याच्यावर आयुष्यभर अन्याय होतो. एप्रिल-मेमध्ये सहा आठवडे तळपून विझणारा मात्र छातीवर ऑल-स्टारचा बिल्ला लावून फिरतो.

२०२५ चं उदाहरण घ्या. मेट्सचा हुआन सोटो त्या मोसमात संथ सुरू झाला. मग जूनमध्ये तो नॅशनल लीगचा महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरीही संघात त्याचं नाव नव्हतं. आदल्या वर्षी त्याने यांकीजकडून ४१ होमरन मारले होते आणि २०२५ संपेपर्यंत त्याचे ४३ झाले. या दोन डोंगरांच्या मधल्या एका दरीवरून त्याचं माप काढलं गेलं. बारा महिन्यांचा हिशोब धरला असता तर सोटोवर चर्चाच करावी लागली नसती.

५. ज्याचं बॅटिंग ॲव्हरेज जास्त तो चांगला, एवढं पुरत नाही का?

नाही पुरत. तीन महिन्यांत एखाद्याचे ३०० ॲट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या) झाले असं धरू. .३०० सरासरी म्हणजे ९० हिट (फटका मारून बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, पोचणं). .२८० म्हणजे ८४. फरक सहा हिटचा, म्हणजे दोन आठवड्यांत एकसुद्धा नाही. त्यातला एखादा चेंडू शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) ग्लोव्हला चाटून गेलेला असतो, एखादा फाउल लाइनच्या बोटभर आत पडलेला असतो. एवढ्याशा फरकावर एक ऑल-स्टार आणि दुसरा घरी, हे मला पटत नाही.

शिवाय ॲव्हरेजमध्ये वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) धरला जात नाही, आणि एका बेसचा हिट व होमरन सारख्याच मापाने मोजले जातात. त्यामुळे निदान ओपीएस तरी बघा. त्यात बेसवर पोचण्याचं प्रमाण आणि फटक्यांची ताकद या दोन्हींची बेरीज असते. त्याहून बरा ओपीएस प्लस. त्यात १०० म्हणजे लीगची सरासरी, आणि मैदानाचा फरक वजा केलेला असतो. हा फरक मोठा असतो. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचावर आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो. रॉकीज या तिथल्या संघाच्या बॅटरचे आकडे तसेच उचलले तर तो उगाच मोठा दिसतो आणि तिथल्या पिचरवर अन्याय होतो.

६. मग सरळ 'वॉर'च्या क्रमाने यादी लावून मोकळं का होत नाहीत?

वॉर म्हणजे बॅटिंग, बेसवरचं धावणं, फिल्डिंग, खेळाची जागा हे सगळं एकत्र करून काढलेला अंदाज. सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा या खेळाडूने किती जास्त विजय मिळवून दिले, हे तो सांगतो. उपयोगी आकडा आहे, मी दर वेळी तो बघतो. पण बेसबॉल रेफरन्स आणि फॅनग्राफ्स या दोन ठिकाणी एकाच खेळाडूचा वॉर वेगवेगळा मिळतो, कारण हिशोबाच्या पद्धती वेगळ्या आहेत. पिचरच्या बाबतीत हा फरक कधीकधी बराच असतो. शिवाय अर्ध्या मोसमातले फिल्डिंगचे आकडे फारच डळमळीत असतात. अर्ध्या विजयाचा फरक दिसला तर तो बरोबरीच समजा. दोन विजयांचा फरक असेल तर समोरच्याला भक्कम कारण द्यावं लागेल.

७. रिलीव्हर पिचरचा ईआरए दीडच्या आसपास असूनही तो बाहेर कसा?

ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे (एका पूर्ण सामन्यामागे) पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा. रिलीव्हर, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर उतरणारा पिचर, तीन महिन्यांत जेमतेम ३५ इनिंग टाकतो. समजा त्याने सात धावा दिल्या, तर ईआरए १.८०. संघात यायला अगदी योग्य. दुसऱ्या दिवशी त्याचा हात बसला नाही आणि एका इनिंगमध्ये पाच धावा गेल्या. आता ३६ इनिंग, १२ धावा, ईआरए ३.००. पंधरा मिनिटांत माणूस यादीतून बाद! म्हणून रिलीव्हरचा नुसता ईआरए बघून वाद घालू नका. स्ट्राइकआउट (फटका बसू न देता बाद केलेले बॅटर) किती, वॉक किती, आणि तो सामन्याच्या कोणत्या क्षणी मैदानात येतो ते बघा. इनिंग कमी असल्यामुळे रिलीव्हरसाठी प्र. ४ मधला बारा महिन्यांचा हिशोब आणखीच गरजेचा आहे.

८. प्रत्येक संघातून किमान एक हवाच, हा नियम अन्यायाचा नाही का?

सगळ्यात जास्त शिव्या याच नियमाला पडतात. २०२५ मध्ये सोटो राहिला तेव्हा मायामीच्या काइल स्टॉवर्सकडे बोट दाखवलं गेलं, कारण तो मार्लिन्सचा एकमेव प्रतिनिधी होता. पण स्टॉवर्स त्या वर्षी खरोखरच चांगला खेळत होता. त्याला कोट्यातला म्हणणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय.

मी या नियमाच्या बाजूने आहे. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले. तरी त्या संघाचा गॅरेट क्रोशे ऑल-स्टारला होता, आणि स्ट्राइकआउटच्या आकड्यांवर तो कुठल्याही संघातून गेलाच असता. रसातळाला गेलेल्या संघातही एखादा असा असतोच, आणि नियम नसता तर त्याच्याकडे कोणाचं लक्षही गेलं नसतं. कधीकधी मात्र नियमामुळे खरंच कमकुवत निवड होते, तेव्हा ते मान्य करावं. माझ्या मते ३२ जणांतली एक-दोन नावं अशी निघाली, तर ३० शहरांतल्या पोरांना आपला एक माणूस मैदानात दिसण्यासाठी ती किंमत रास्त आहे.

९. आमचा शॉर्टस्टॉप दुसऱ्या संघांच्या आउटफिल्डरपेक्षा चांगला, तरी तो बाहेर. असं कसं?

कारण स्पर्धा जागेनुसार असते. एका लीगमध्ये एकाच वर्षी चार-पाच जबरदस्त शॉर्टस्टॉप निघाले तर चाहत्यांच्या मतांवर एक आत येतो, खेळाडूंच्या मतांवर दुसरा, आणि बाकीच्यांनी कमिशनरच्या सहा जागांकडे डोळे लावून बसायचं. त्या सहांतही चार पिचर असतात. मराठी वाचकाला हे दुःख नवं नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही, कारण त्याच काळात त्याच हाताने बिशनसिंग बेदी गोलंदाजी टाकत होते.

यावर माझा उपाय एकच. राखीव बॅटरच्या शेवटच्या दोन जागा तरी 'उरलेल्यांतला सर्वांत चांगला कोण' या एकाच प्रश्नावर भराव्यात, तो कुठल्या जागेवर खेळतो याचा विचार न करता. आज त्या जागा बऱ्याचदा प्र. ८ मधल्या नियमाची भरपाई करण्यातच खर्ची पडतात.

१०. चाहत्यांच्या हातात मत द्यायचंच कशाला? ते आपल्याच संघाला देणार.

देतात, आणि त्याचा अतिरेकही झालाय. १९५७ मध्ये सिनसिनाटीच्या वर्तमानपत्राने स्थानिक खेळाडूंची नावं आधीच भरलेल्या मतपत्रिका छापल्या. निकाल लागला तेव्हा नॅशनल लीगच्या आठ जागांपैकी सात सिनसिनाटीकडे होत्या. एकटा स्टॅन म्युझियल तेवढा बाहेरचा. कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी गस बेल आणि वॉली पोस्ट यांना काढून विली मेज आणि हँक ॲरन यांना घेतलं. त्यानंतर १९७० पर्यंत चाहत्यांचा मताधिकारच काढून घेतला गेला.

२०१५ मध्ये मतदान पहिल्यांदाच पूर्णपणे ऑनलाइन झालं, आणि एका टप्प्यावर कॅन्सस सिटी रॉयल्सचे आठ खेळाडू आघाडीवर होते. त्यात बॅटिंग अगदीच बेताची असलेला सेकंड बेसमन ओमर इन्फांतेसुद्धा होता. मेजर लीगने संशयास्पद वाटलेली सुमारे साडेसहा कोटी मतं रद्द केली. शेवटी रॉयल्सचे चार जण सुरुवातीच्या संघात आले आणि सेकंड बेसवर होजे अल्तुवे उभा राहिला.

तरीही मत चाहत्यांकडेच असावं असं मला मनापासून वाटतं. १९७० साली मत परत मिळाल्यावर पहिल्याच वर्षी लोकांनी रिको कार्टीला निवडून दिलं. त्याचं नाव मतपत्रिकेवर छापलेलंच नव्हतं, लोकांनी ते हाताने लिहिलं. त्या मोसमात नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक बॅटिंग ॲव्हरेज त्याचंच होतं. छापील यादी करणाऱ्यांना जे दिसलं नाही ते लोकांना दिसलं.

११. पहिल्या फेरीत आमचा खेळाडू खूप पुढे होता, मग दुसऱ्या फेरीत हरला कसा?

पहिल्या फेरीतली मतं पुढे जात नाहीत. २०१९ पासून मतदान दोन फेऱ्यांत होतं. पहिल्या फेरीत एका ईमेलवरून दिवसाला पाच मतपत्रिका भरता येतात. त्यातून प्रत्येक जागेचे दोन अंतिम उमेदवार निघतात, आउटफिल्डसाठी सहा. दुसरी फेरी शून्यापासून सुरू होते. अपवाद एकच: २०२२ पासून प्रत्येक लीगमध्ये पहिल्या फेरीत सर्वाधिक मतं मिळवणारा थेट संघात जातो. २०२५ मध्ये असे दोघं होते ॲरन जज आणि शोहेइ ओहतानी.

१२. निवृत्तीला टेकलेल्या मोठ्या खेळाडूला मानाने जागा द्यावी का?

द्यावी, पण दुसऱ्या कोणाची काढून नव्हे. २००१ मध्ये सिॲटलला कॅल रिपकनचा हा शेवटचा ऑल-स्टार होता. चाहत्यांनी त्याला थर्ड बेसवर निवडलं होतं. खेळ सुरू होण्याआधी ॲलेक्स रॉड्रिगेझने आपली शॉर्टस्टॉपची जागा त्याला दिली, कारण रिपकनचं नाव मोठं झालं ते त्याच जागेवर. मग रिपकनने होमरन मारला आणि सामनावीरही तोच ठरला. आकड्यांवर तो त्या वर्षी संघात बसत नव्हता. तरी ती निवड चुकीची होती असं म्हणणारा आजवर कोणी भेटला नाही.

सध्या कमिशनर अशा खेळाडूंना जादा म्हणून बोलावू शकतात. २०२२ मध्ये आल्बर्ट पुहोल्स आणि मिगेल काब्रेरा आले, २०२५ मध्ये क्लेटन कर्शॉ. हा सगळ्यांत चांगला तोडगा आहे: मान राहतो आणि कोणाचा हक्कही जात नाही.

१३. निवृत्त झालेला खेळाडू निवडून येऊ शकतो का?

आलाय. माइक श्मिटने मे १९८९ च्या अखेरीस निवृत्ती जाहीर केली, तरी चाहत्यांनी त्याला थर्ड बेसवर निवडून दिलं. तो गणवेश घालून समारंभाला हजर राहिला, पण खेळला नाही. त्याच्या जागी हॉवर्ड जॉन्सन उतरला.

१४. पाच-सहा सामने खेळलेल्या नवख्याला घ्यावं का?

२०२५ मध्ये हा वाद पेटला. मिलवॉकीच्या जेकब मिझिओरोवस्कीने जूनमध्ये पदार्पण केलं आणि मेजर लीगमध्ये अवघे पाच सामने टाकल्यावर त्याला बदली खेळाडू म्हणून बोलावलं. ताशी शंभर मैलांच्या वर चेंडू टाकणारा पोरगा, बघायला मजा येणार यात शंका नव्हती. पण त्याच वेळी फिलाडेल्फियाचा क्रिस्टोफर सांचेझ घरी बसला होता. मोसम संपला तेव्हा सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात सांचेझ लीगमध्ये दुसरा आला.

माझं उत्तर: नाही घ्यायला हवं होतं. मिझिओरोवस्कीचा यात काही दोष नाही, बोलावल्यावर कोण नाही म्हणेल? दोष निवडणाऱ्यांचा. २०२४ मध्ये पॉल स्कीन्सही नवखाच होता. पण तोवर त्याने ११ सामने टाकले होते आणि ते इतके दर्जेदार होते की सामन्याची सुरुवातही त्यानेच केली. अकरा आणि पाच यांत खूप अंतर आहे. पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांनी नवख्याला धड दुसऱ्यांदा पाहिलेलंही नसतं.

१५. निवड होऊनही खेळाडू सामन्यात का दिसत नाही? मग तो ऑल-स्टार मोजायचा का?

मोजायचा. दुखापत हे एक कारण. दुसरं म्हणजे ऑल-स्टारच्या आधीच्या रविवारी सामना टाकलेले पिचर सहसा बाजूला होतात. त्यांच्या जागी बदली येतात आणि नोंदीत दोघेही ऑल-स्टार राहतात. म्हणून ६४ ची मूळ यादी दर वर्षी फुगते. 'शेवटी बदली म्हणून आला' असं हिणवू नका. बदल्यांमध्ये बऱ्याचदा पहिल्या यादीत असायला हवे होते असे लोक असतात. प्र. १४ मधली निवड मात्र याला अपवाद.

१६. ओहतानी पिचर म्हणून मोजायचा की बॅटर म्हणून?

२०२१ मध्ये दोन्ही. चाहत्यांनी त्याला डेझिग्नेटेड हिटर म्हणून निवडलं, खेळाडूंनी पिचर म्हणून. दोन्हींसाठी निवडला गेलेला तो पहिलाच. त्या सामन्यासाठी खास नियम केला गेला, की पिचिंग थांबवल्यावरही तो बॅटिंग करत राहू शकेल. पुढच्या वर्षी तोच नियम मोसमातल्या सगळ्या सामन्यांना लागू झाला. वाद घालताना मात्र त्याच्या दोन्ही भूमिकांची बेरीज करून दुसऱ्या बॅटरशी तुलना करू नका. प्रत्येक जागेसाठी त्या त्या भूमिकेचा हिशोब करा.

१७. प्रदर्शनीय सामना आहे, त्यासाठी एवढं भांडायचं कशाला?

खेळाडूसाठी तो नुसता प्रदर्शनीय नसतो. अनेकांच्या करारात निवडीमागे बोनस असतो. कारकीर्द संपल्यावर हॉल ऑफ फेमची (दिग्गजांच्या सन्मान-दालनाची) चर्चा होते तेव्हा 'किती वेळा ऑल-स्टार' हे पहिल्या दोन-तीन ओळींतच येतं. २००३ ते २०१६ या काळात तर सामना जिंकणाऱ्या लीगच्या संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत) घरच्या मैदानाचा फायदा मिळायचा. वीस वर्षांनी २०२५ चे आकडे चाळणाऱ्याला सांचेझच्या नावापुढे ती नोंद दिसणार नाही, आणि का नाही हे त्याला कोणी सांगणार नाही. म्हणून भांडायचं.

१८. निवड झाल्यावर खेळाडू दुसऱ्या लीगमध्ये गेला तर?

२०१४ मध्ये जेफ समार्झियाला खेळाडूंनी नॅशनल लीगसाठी निवडलं, आणि त्याच सुमारास शिकागो कब्जने त्याला अमेरिकन लीगच्या ओकलंडला देऊन टाकलं. त्याचं नाव नॅशनल लीगच्या यादीत राहिलं, सामन्याआधी खेळाडूंची ओळख करून दिली तेव्हा तो उभाही राहिला, पण त्याला खेळता आलं नाही.

१९. आणि नंतर उत्तेजक घेतल्याचं सिद्ध झालं तर निवड रद्द होते का?

नाही. २०१२ चा सामनावीर सॅन फ्रान्सिस्कोचा मेल्की काब्रेरा होता. महिनाभरात, ऑगस्टमध्ये, त्याच्यावर ५० सामन्यांची बंदी आली. सामनावीर म्हणून त्याचं नाव आजही नोंदीत आहे. त्या विजयामुळे नॅशनल लीगला मिळालेला घरच्या मैदानाचा फायदा (प्र. १७) त्याच्याच संघाला झाला, आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज सॅन फ्रान्सिस्कोने जिंकली. माझ्या मते बंदी आल्यास निवड आणि पुरस्कार दोन्ही नोंदीतून काढावेत, आणि मूळ मतदानात त्याच्या पाठोपाठ असलेल्याला ती जागा कागदावर तरी द्यावी.